वरच्या खोलीत लाईटचा प्रॉब्लेम आहे

चाकूरला आमच्या घरात देवघरात चप्पल चालत नाही आणि फ्रीजला चपलेशिवाय हात लावलेला चालत नाही. फ्रीजसमोर निळ्या रबरी चपलांचा एक जोड कायम असतो. त्या चपला घरातल्या कुणाच्या नाहीत, फ्रीजच्या आहेत. पाहुणे पाणी घ्यायला उठले की आई इतक्या गोड आवाजात "चप्पल घाला बरं का" म्हणते, की त्यांना तो मानपान वाटतो. फ्रीजला शॉक आहे असं आमच्यात कुणी म्हणत नाही. "जरा झिणझिण करतो" म्हणतात, एखाद्या काकांबद्दल "जरा तापट आहेत" म्हणावं तसं.

अशा या सुखी घराच्या गच्चीवर अप्पांनी यंदा एक खोली चढवली. खोली माझी. मी दहावीत आहे, आणि खाली आईची मालिका, अप्पांच्या बियाण्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं आणि माझी भूमिती हे सगळे एकाच सतरंजीवर बसतात. खोलीला पिस्ता रंग दिला. दारावर "मंजुश्री" असं मी स्वतः रंगवलं. राहिलं फक्त वायरिंग.

वीज कार्यालयाने सांगितलं की वाढीव बांधकामाला वीज हवी असेल तर सुरक्षेचे नियम पाळावे लागतील. म्हणजे जमिनीत अर्थिंग, आणि मेन बोर्डात एक असं स्विच, जे करंट कुठे गळाला की क्षणात लाईट तोडतं. अप्पांना नियम मनापासून आवडतात. पाळायला नव्हे, पाळले असं सांगायला.

व्यंकटी वायरमनकाका आले. त्यांनी अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, तार सोडली, फ्रीजची मोडलेली तिसरी पिन नवी बसवली आणि स्विच वर केलं. ते खटकन पडलं आणि लाईट गेली. पुन्हा वर केलं. पुन्हा पडलं.

"स्विच खराब हाय का रे?" अप्पांनी विचारलं.

"स्विच बेस हाय, अप्पा. फ्रीज गळून राहिला. आजवर करंट फ्रीजमधीच बसून कुणाची तरी वाट बघायचा. आता त्याला जमिनीत जायला रस्ता भेटला."

"मग रस्ता बंद कर."

काकांनी नवी पिन काढून टाकली. त्याच संध्याकाळी आई घाईघाईत अनवाणी दूध काढायला गेली, फ्रीजला हात लागला आणि घरभर अंधार झाला. स्विचने आईचा जीव वाचवला होता. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे टॉर्च शोधत होते. सगळ्यात जास्त आईच चिडली, मालिकेत नेमकं लग्न मोडत होतं. ऊठसूट पडणारं स्विच घरात नको, यावर तिचं आणि अप्पांचं एकमत झालं. त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण तपासणी झाल्याशिवाय माझ्या खोलीला वीज मिळणार नव्हती. म्हणून तपासणीच्या दिवशी फ्रीज, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, सगळ्याच्या पिना काढून ठेवल्या. तपासणीचे साहेब किशनराव यांनी मीटर लावून पाहिलं आणि गळती शून्य असल्याचं गंभीरपणे जाहीर केलं. जिथे वीज वापरातच नाही ते घर विजेपासून संपूर्ण सुरक्षित असतं, हा नियम आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात अजून आलेला नाही.

सही झाली. साहेबांनी पाणी मागितलं. आईने गुपचूप फ्रीजची पिन बोर्डात खोचली, पण ती उठायच्या आत साहेब स्वतःच उठले, कुणी न सांगता निळ्या चपला पायात सरकवल्या आणि मग दार उघडलं. "आमच्याकडं बी असाच हाय," ते म्हणाले. "आमच्या चपला हिरव्या."

मग अप्पांना धीर आला. त्यांनी स्विचची तक्रार साहेबांच्या कानावर घातली.

"डायरेक्ट करून टाका," साहेब म्हणाले. "सर्टिफिकेट तर झालंय. स्विच राहू द्या बोर्डात, दिसायला बरं असतं."

त्याच दिवशी व्यंकटीकाकांनी वायर स्विचला वगळून थेट जोडली. अप्पांनी सर्टिफिकेट दोनदा मोठ्याने वाचलं. त्यात नवीन खोली सर्व दृष्टींनी सुरक्षित असल्याचं लिहिलं होतं. त्यावर त्यांनी विचार केला, आणि अप्पा विचार करतात तेव्हा मला धडकी भरते. घरातल्या धोकादायक वस्तू सुरक्षित जागीच ठेवायला हव्यात, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी फ्रीज माझ्या खोलीत आला. मग पाणी तापवायचा रॉड. मग ठिणग्या उडवणारी इस्त्री. शेजारच्या शिवशंकरकाकांनी त्यांचा मिक्सरही विश्वासाने आणून दिला.

"अप्पा, ही खोली माझी हाय."

"तुझ्यासाठीच करून राहिलो, मंजे. आता खाली कसलाच धोका न्हाई. तू खाली बस."

मी भूमिती घेऊन पुन्हा सतरंजीवर बसले. एक प्रमेय सिद्ध केलं आणि उठून थेट व्यंकटीकाकांकडे गेले. ते हॉटेलात चहा पीत होते. वरच्या खोलीपुरतं ते स्विच पुन्हा जोडा आणि फ्रीजची तिसरी पिन लावा, असं मी त्यांना म्हणाले. अप्पा रागावतील, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं.

"काका, मी तिथं अनवाणी बसणार हाय," मी म्हणाले.

त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि टेस्टर घेतला.

त्यानंतर वर फ्रीज लावला की लाईट जायची. रॉड लावला, गेली. इस्त्रीने तर पिन पूर्ण आत जायचीही वाट पाहिली नाही. अप्पांनी स्वतः येऊन सगळं लावून पाहिलं आणि निर्णय दिला की दोष या खोलीतच आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तू वाजत गाजत खाली गेल्या, जिथे कधीच काही पडत नाही.

खोली मला मिळाली. खालच्या मजल्यालाही ते स्विच जोडावं म्हणून माझी बोलणी सुरू आहेत, पण माझं ऐकतं कोण, मी दोष असलेल्या खोलीत राहते. आलेल्या प्रत्येकाला आधीच सांगितलं जातं की वर जाऊ नका, तिथं लाईटचा प्रॉब्लेम आहे. जळकोटची आत्या तर हळहळली, की बघा, पोरीच्या वाट्याला नेमकी तीच खोली आली.

तुम्हाला आमचं हसू येत असेल. येऊ द्या. फक्त एक करा. तुमच्या मेन बोर्डातही असं एक स्विच असेल, आणि त्यावर इवलंसं टेस्टचं बटण. ते दाबलं की घराची लाईट गेली पाहिजे. दाबून या. मी थांबते.

आलात? काहीच झालं नाही ना? लाईट चालूच राहिली, आणि तुम्ही "चला, आपल्याकडे सगळं ठीक आहे" म्हणत परत येऊन बसलात.