गेटपास का अडकला?

आमच्या ऑफिसात रोज सकाळी एक माणूस कॉम्प्युटरला दरडावून विचारतो, "काल कोन कोन रेंगाल्ला रं?" नवीन माणूस दचकतो. आम्ही चहा घेत राहतो, कारण ते आमचे सुधीर म्हात्रे असतात.

न्हावा शेवाच्या बंदराबाहेर कंटेनर ठेवायचं एक यार्ड आहे. तिथे ट्रेलरना गेटपास देणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सॉफ्टवेअरने डेटाबेसला काहीही विचारलं, की उत्तराला किती वेळ लागला ते सर्व्हर लॉगमध्ये लिहून ठेवतो. असल्या रुक्ष ओळी म्हात्रे बातम्यांसारख्या मोठ्याने वाचतात आणि रेंगाळणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला, म्हणजे क्वेरीला, नातेवाइकाचं नाव देतात. एकदा बसली की उठत नाही ती आत्या. पुन्हा पुन्हा तेच विचारतो तो सासरा. एकदा ग्राहकाला पाठवलेल्या अधिकृत ईमेलमध्ये 'आत्याचा बंदोबस्त केला आहे' असं वाक्य गेलं. ग्राहकाने आभार मानले.

मीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. मीटिंगमध्ये जरा लांबण लावली, की म्हणतात, "मॅडम, उत्तर शोधताय का आख्खा गोदाम उपसताय?"

त्यांचा सिद्धांत एकच. "हलू कोनच नसतो. आडवा कोनतरी आलेला असतो." घरच्या हळदीत मटणाची रांग खोळंबली, तेव्हा सगळे वाढप्यावर डाफरत होते. म्हात्र्यांनी पुढे जाऊन टोपात नळी शोधत उभा असलेला स्वतःचा मामा बाजूला काढला. मामा अजून फुगलेला आहे.

तर यंदाच्या उन्हाळ्यात आमचे गेटपास अडकू लागले. ऑफिसच्या खिडकीखाली ट्रेलरची ही रांग! म्हात्र्यांनी लॉग चाळून गुन्हेगार पकडला. तो निघाला साहेबांच्या केबिनमधला मोठा स्क्रीन. त्यावरचा रंगीत आलेख सारखा सगळ्या नोंदी मोजायला बसे आणि तेवढा वेळ गेटपासच्या नोंदींना कुलूप लागे. कारण सापडलं, पण म्हात्रे दुरुस्ती काही करीनात. मी खडसावलं, तेव्हा त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "मॅडम, त्या रांगेत दादा हाय."

दत्तूदादा हा त्यांचा थोरला भाऊ, ट्रेलर चालवतो. गावच्या घरात भिंत कुठे घालायची यावरून दोघांचं बिनसलं. म्हात्रे उलव्याला फ्लॅटमध्ये राहायला आले आणि बोलणंच बंद झालं. फोनही नाही.

"गेट झटपट चालला तर दादा भुर्र जाईल. मंग मी त्याला कुठं बगू?"

"आणि तो बघतो तुमच्याकडे?"

"न्हाय. वर मानच करत न्हाय."

मला वाईट वाटलं. पण रांगेत बाकीचेही उन्हात तळत होते, आणि ते मी त्यांना ऐकवलं.

दोन दिवसांनी दुपारी दत्तूदादा ट्रेलरमधून खाली उतरला. कंबर धरून टायरच्या सावलीत बसला आणि ओला टॉवेल डोक्यावर ओढला. म्हात्रे वरून बघत राहिले. मग जागेवर आले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी आलेखाला नोंदींची वेगळी नक्कल काढून दिली. बस म्हणावं तिथे मोजत. आलेख आता तासभर शिळा दिसणार म्हणून साहेब चिडले.

"शिलाच बगा, साहेब," म्हात्रे म्हणाले. "मानसा उनात हायत."

दुसऱ्या दिवशी गेट सुरळीत. ट्रेलर येत होते, जात होते, कोणी थांबतच नव्हतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हात्रे मात्र पडलेल्या चेहऱ्याने खिडकीशी उभे होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दादाचा ट्रेलर आला. गेटपास लगेच निघाला. फाटक उघडलं.

ट्रेलर हलला नाही. मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला. दत्तूदादाने दारातून अर्धं अंग बाहेर काढलं, थेट आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि ओरडला, "सुध्या, खाली ये रं! आता हितं थांबाला मना काय निमित्त न्हाय उरला!"

टेबलाखाली काढून ठेवलेले बूट न घालताच म्हात्रे जिना उतरले.