विरंगुळा केंद्राला शून्य

सकपाळ गुरुजी तिरडीलाही गुण देतात. थट्टा करत नाही. गावात कुणी गेलं की ते आधी हात जोडतात, मग वाकून बांबूच्या गाठी ओढून बघतात आणि बांधणाऱ्याच्या कानात सांगतात, "दहापैकी सहा. वाव आहे." छत्तीस वर्षं मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर त्यांनी हेच लिहिलं. निवृत्तीनंतर ते चहाला, हजामतीला, सत्यनारायणाच्या शिऱ्यालाही लागू झालं. पंचायतीच्या शिपाई सुनंदाताई एकदा चिडून मला म्हणाल्या, "माझ्या घावनांना पाच दिले वो भाऊसाहेब! आन् खाल्ली किती? आठ!"

मी त्या गावचा ग्रामसेवक, म्हणून भाऊसाहेब. पोलादपूरहून उमरठकडे जाताना आमचं गाव लागतं. गुरुजी आमचे सरपंच. अख्खं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध उभं राहायची कुणाची छाती झाली नाही. बिनविरोध निवडून आले. गावाचं भलं झालं, माझं वाटोळं.

कारण दरवर्षी ग्रामपंचायतीला स्वतःचं मूल्यांकन स्वतःच करावं लागतं. शंभर गुणांचा फॉर्म असतो. गटारं, नळ, दप्तर, दिवाबत्ती, सगळ्याला आपणच गुण द्यायचे, खाली सरपंचांची सही घ्यायची आणि तालुक्याला पाठवायचा. आता स्वतःचा पेपर स्वतःच तपासायला मिळाल्यावर शहाणा माणूस काय करील? शेजारच्या गावाने स्वतःला अठ्ठ्याण्णव दिले. दोन कापले ते दृष्ट लागू नये म्हणून.

आमचे गुरुजी फॉर्म घेऊन गावभर फिरतात. गटारात काठी घालून गाळ मोजतात. नळाखाली कळशी ठेवून घड्याळाकडे बघत बसतात. मागच्या वर्षी आम्हाला त्रेपन्न पडले आणि तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "स्वतःच्या हाताने नापास होणारी पंचायत पहिल्यांदा बघतोय," म्हणाले. वर बजावलं, की यंदा साठच्या खाली गेलात तर तुमच्या नावाने नोटीस.

मग काय, वर्षभर मी नुसता धावत होतो. गटारं उपसून घेतली, दिवे बदलले, दप्तर लख्ख केलं. शेवटच्या तारखेला दुपारी गुरुजींनी सही करून फॉर्म माझ्यापुढे ठेवला. बेरीज एकोणसाठ!

एका गुणासाठी मी फॉर्म वरून खाली चाळला. 'ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र' याच्यापुढे पाचपैकी शून्य. माझं डोकंच फिरलं. ते केंद्र मी उभं केलं होतं हो! पंचायतीमागच्या पडीक खोलीला रंग दिला, खुर्च्या आणल्या, कॅरम आणला.

"गुरुजी, केंद्र रोज उघडं असतं की!"

"असतं ना. पण फॉर्ममध्ये विचारलंय, वापर होतो का."

"एक तरी गुण द्या. नोटीस मला येणार आहे."

"गुण द्यायचे असतात भाऊसाहेब, वाटायचे नसतात." छत्री उचलून ते चालते झाले.

मीही हट्टाला पेटलो. एखादा तरी म्हातारा तिथे बसलेला असेलच, त्याचा फोटो काढायचा आणि गुरुजींच्या नाकासमोर धरायचा. पाचच्या सुमाराला मोबाइल घेऊन केंद्रावर गेलो. आतून सोंगट्या आपटल्याचा आवाज येत होता. म्हटलं, सापडला पुरावा!

खिडकीतून बघतो तर आत गुरुजी. एकटेच. त्यांनी स्ट्रायकर मारला, उठले, बोर्डाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून चष्मा सावरून नेम धरला, मारला, आणि गुडघ्यांवर हात टेकत पुन्हा उठून अलीकडे आले.

त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली, हे मला माहीत होतं. मुलगा विरारला असतो, तेही माहीत होतं. त्यांच्या बरोबरीचे कुणी मुलांकडे मुंबईला गेले, कुणी वर गेले, त्यांचे दाखले मीच लिहिले होते. पण खुर्च्या मागवताना बसायला कोण उरलंय, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तरी नोटिशीची भीती वाईट. आत शिरलो आणि म्हणालो, "गुरुजी, तुम्ही रोज येता इथे?"

"येतो. पाच ते सहा."

"मग झाला की वापर! द्या गुण!"

गुरुजींनी स्ट्रायकर बोर्डाच्या मधोमध ठेवला. "एक माणूस दोन्ही बाजूंनी खेळला म्हणून दोन माणसं होत नाहीत, भाऊसाहेब."

मी मोबाइल खिशात टाकला आणि समोर बसलो. दोन डाव झाले, दोन्ही हरलो. राणी दोन्ही वेळा त्यांनीच घेतली, आणि दुसऱ्यांदा घेतली तेव्हा चक्क टाळी वाजवली. सहा वाजता मी उठलो. सोंगट्या डब्यात भरता भरता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उद्या याल?"

"येईन की."

"मग उद्या बघू गुणांचं."

उद्या तालुक्याला फॉर्म घेणार नव्हते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी ऑफिसात गेलो आणि संगणकावर एकोणसाठच भरून पाठवले. नोटीस येईल तेव्हा येईल.

दुसऱ्या दिवशी पाचला पाच मिनिटं कमी असताना केंद्रावर पोचलो. गुरुजी आधीच आले होते. धोतराच्या सोग्याने समोरची खुर्ची पुसत होते.