रुखवतात गिटार

मातीतलं संगीत हळू आवाजातच असतं, याबद्दल शंतनूला रूपश्रीच्या लग्नापर्यंत तीळमात्र शंका नव्हती.

पुण्याहून येऊन हेब्बाळला नोकरी करता करता सहा वर्षं तो पंक बँडमध्ये गायला होता, म्हणजे मॅनेजरच्या नावाने बोंबलला होता. मग बँड मोडला, मुग्धा भेटली आणि हा गडी साधी गिटार घेऊन जात्यावरच्या ओव्यांच्या चालीत स्वतःची गाणी पुटपुटू लागला. मुग्धाचं मराठी घराणं पाच पिढ्या जवळच्या देवनहळ्ळीतलं, बोलण्यात कानडी मिसळलेलं. तिच्या आईचा, शारदाबाईंचा, होकार मात्र अजून अडला होता. "थोरलीचं लग्न होऊ दे, मग बघू," एवढंच त्या म्हणत. "बँडचं आईला कळता कामा नये," असं मुग्धाने हळूच बजावून ठेवलं होतं.

थोरली ती रूपश्री. तिच्या लग्नात शारदाबाई घाईघाईने शंतनूकडे आल्या. "तुम्ही जुनी गाणी म्हणता न्हवं? आमच्या सोयराबाईंचा घसा बसलाय. रुखवताला स्वल्प तुम्ही म्हणा."

शंतनूला आभाळ ठेंगणं झालं. डोळे मिटून त्याने सुरू केलं, "दारीच्या जाईला आता पाणी कोण घालील..."

"कोण वारलं हो?" वरपक्षाच्या ठकुबाईंनी विचारलं. राजाजीनगरहून आलेलं सगळं वऱ्हाड खिदळलं. मग ठकुबाईंनी पदर खोचून खडा आवाज लावला:

"नवरीचा बाप दुकानात बसतो,
तराजूला हळूच बोट लावतो!"

शंतनू गोंधळला. भर लग्नात वधूपित्याचा अपमान? आणि वधूपिता श्रीधरराव तर हसतायत!

"उत्तर द्या!" शारदाबाईंनी कोपराने ढोसलं.

"कशाचं?"

"रुखवताला एकमेकांची उणीदुणीच काढायची असतात! काढा तिची!"

त्याच्याकडे होतं जाईचं दुसरं कडवं. तेच त्याने म्हटलं. ठकुबाईंनी लगेच हाणलं:

"गवई आणला पुण्याचा खास,
घशात अडकला अळवाचा घास!"

शारदाबाईंनी कपाळाला हात लावला. तो हात बघून शंतनूचं डोकं फिरलं. गिटार टाकून तो खुर्चीवर चढला आणि मॅनेजरवरचं जुनं गाणं ठकुबाईंकडे बोट रोखून बेंबीच्या देठापासून ओरडला:

"उशिरा येते, रुबाब करते,
दुसऱ्याच्या कामावर मिरवत फिरते!"

आचारी झारा घेऊन बाहेर धावले. शंतनू खाली उतरला. संपलं, आता कसला होकार! त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"हरलो बाई आम्ही," ठकुबाई कौतुकाने म्हणाल्या.

शारदाबाईंनी त्याच्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. "हा आवाज कुठं लपवून ठेवला होतात? ते पुटपुटणं ऐकून मला घोर लागला होता. आता सरी, सगळं ठीक! जावई पसंत. आमच्या मुग्धापुढं टिकायचं तर एवढा घसा पाहिजेच."

"आई!" मागून मुग्धा ओरडली.

पंगतीतल्या वाट्या थरथरल्या. सहा वर्षं पंक बँडमध्ये काढलेल्या शंतनूने दोन्ही कानांवर हात ठेवले.