सासूबाई आणि ग्राफिक्स कार्ड

यादी एकाहत्तर हजारांची होती आणि मंजुरी पन्नासची. मधल्या एकवीस हजारांचं काय करायचं, हे ठरवण्यासाठी जावयाने गेले सहा रविवार यादीसमोर बसून काढले होते. तो कवळ्या बनवायचा. दिवसभर अनोळखी माणसांचे दात ओळीत बसवणाऱ्या माणसाला एकदा स्वतःच्या हाताने गेमिंग कॉम्प्युटर जोडावासा वाटला, तर त्यात गैर काही नव्हतं. दोन वर्षं जादा काम करून त्याने पैसे साठवले होते. बायकोची अट एकच होती: पन्नासच्या वर एक पैसा गेला, तर त्याच पैशांत घरात वॉशिंग मशीन येईल.

"आता यातून अजून काय काढू?" त्याने विचारलं.

"काही काढू नकोस. आईला घेऊन जा," बायको म्हणाली.

"आईंना कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

"काही नाही. दुकानदारांमधलं कळतं."

हे मात्र खरं होतं. सासूबाईंनी तीस वर्षं एका मोठ्या वसतिगृहाची खरेदी सांभाळली होती. गाद्या, बादल्या, कुलपं, सगळं. सहा महिन्यांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोप समारंभात तीन घाऊक व्यापारी रडले होते. त्यातले दोघं आनंदाने.

दुकानाच्या पायरीवर त्या थांबल्या. "जावईबापू, आत काहीही आवडून घ्यायचं नाही. आणि खिशाला हात लावायचा नाही."

"मग मी करू काय?"

"कंटाळा."

दुकानदाराने काचेवर प्रोसेसर ठेवला. सासूबाईंनी चष्मा लावला. "एवढासा?"

"मावशी, सगळ्या कॉम्प्युटरचा मेंदू आहे तो. सोळा हजार."

किमतीबद्दल सासूबाईंनी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि घरात कुणी आजारी असल्यासारख्या हलक्या आवाजात विचारलं, "बरेच दिवस पडून आहे का हो?"

"छे! हातोहात जातो हा."

"मग हा का राहिला?"

दुकानदाराने डबीकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"चौदाला न्या," तो म्हणाला.

मदरबोर्ड आला. "ह्या रिकाम्या खाचा कसल्या?"

"पुढेमागे काही वाढवायचं झालं तर."

"म्हणजे हे अजून पूर्ण व्हायचंय?"

मदरबोर्ड दोन हजारांनी उतरला. मग ग्राफिक्स कार्ड बाहेर आलं आणि जावयाच्या तोंडून नको तेव्हा "अहाहा" निघालं.

"दाढ दुखतेय त्यांची," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. "लोकांचे दात करतात, स्वतःच्या दातांकडे बघायला वेळ नाही. ह्याला तीन पंखे कशाला?"

"खेळताना तापतं ना, मावशी."

"तापतं हे तुम्हाला माहीत आहे? आणि तरी विकता?"

शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने हातातला खोका हळूच फळीवर ठेवला. दुसऱ्याने बाहेर जाऊन फोनवर कुणाला तरी सांगितलं, की इथे नको, इथलं सगळं पडून राहिलेलं आणि तापणारं आहे. तासाभरात दुकान रिकामं झालं आणि दुकानदार स्वतःच्याच फळ्यांकडे संशयाने बघू लागला. बेरीज एकोणपन्नास हजार पाचशेवर आली. जावयाचा हात खिशाकडे निघाला.

"विचार करून सांगते," सासूबाई म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरल्यासुद्धा.

"आई, अहो, झालं होतं की बजेटात!"

"म्हणूनच. पहिल्या फेरीत इतका उतरलाय, उद्या पंचेचाळीसला येईल."

तेवढ्यात मागून दुकानदार धावत आला. जावयाला वाटलं, उद्याची वाट बघायला नको, हा आताच पंचेचाळीस म्हणतोय. पण दुकानदाराने किमतीचं नावच काढलं नाही. त्याने हात जोडले.

"मावशी, उद्या माझ्या घाऊक व्यापाऱ्याकडे माझ्याबरोबर याल का? काही बोलू नका हवं तर. नुसत्या बघा."

सहा महिन्यांत सासूबाई पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

त्या गेल्या. व्यापाऱ्याने भाव तर पाडलेच, वर निघताना दुकानदाराला बाजूला घेऊन विचारलं, "मी या धंद्यात आलो ते चुकलं का रे?"

आठवड्याने जावई खिशात पन्नास हजार घेऊन एकटाच दुकानात शिरला. काउंटरमागे उंच स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्यामागे दुकानदार चहा पीत होता. त्याचा चेहरा बऱ्याच वर्षांनी पुरेशी झोप मिळालेल्या माणसाचा होता.

"या. काय दाखवू?"

"आई, मी आहे."

"दिसतंय. यादी द्या." त्यांनी बेरीज केली. "त्र्याहत्तर."

"एकाहत्तर होते! आणि त्या दिवशी एकोणपन्नास पाचशेला ठरलं होतं..."

"त्या दिवशी यांचा धीर सुटला होता. आता मी आहे."

"मी समोरच्या दुकानात जातो."

"जा ना. तिथल्या मालकांना सांगा, विचार करून कळवते म्हणाल्यात. परवाच येऊन गेले, मला दुप्पट पगार देतो म्हणत होते."

जावई वॉशिंग मशीनच्या विचाराने मटकन खुर्चीत बसला. सासूबाईंना दया आली. त्यांनी लाल पेन काढलं.

"हे बघा जावईबापू, किंमत उतरणार नाही. तुम्ही उतरा. हे रंगीत दिवे कशाला?"

"छान दिसतात."

"कुणाला? तुमच्या त्या खोलीत येतं कोण?"

दिवे गेले.

"एवढा भारी प्रोसेसर?"

"पाच वर्षांनी लागेल."

"पाच वर्षांनी या. ही पाण्याने गार करायची भानगड?"

"समजा तापलं..."

"खिडकी उघडा. आणि हे कार्ड मोठ्या पडद्यासाठी असतं. मोठा पडदा घेतलाय?"

"नाही."

"मग?"

वस्तूंच्या बाबतीत तीस वर्षं जे केलं, ते सासूबाईंनी अर्ध्या तासात गिऱ्हाइकाच्या बाबतीत करून दाखवलं. बेरीज अठ्ठेचाळीस हजार नऊशे झाली. उरलेल्या अकराशेचा त्यांनी त्याला एक माउस पॅड दिला, जो त्याने मागितला नव्हता. जावई पिशवी घेऊन, आभार मानून, पायरीवरून दुकानदारालाही नमस्कार करून घरी आला.

कवळ्यांच्या चिमट्याने त्याने दोन दिवसांत सगळं जोडलं. पहिल्याच बटणाला कॉम्प्युटर सुरू झाला. गेम चालला. दुसराही चालला. ज्या गेमसाठी एकाहत्तरच्या खाली भागणारच नाही असं त्याने सहा रविवार वाचलं होतं, तो तर लोण्यासारखा चालला.

बायकोने दारातून डोकावलं. "चालतोय?"

"चालतोय."

"कुठे अडकत वगैरे नाही ना?"

"नाही."

"मग असा का बसलायस?"

"अगं, सगळंच चालतंय," तो खचलेल्या आवाजात म्हणाला, आणि निदान एका जागी तरी अडकेल या आशेने पुन्हा पहिल्यापासून खेळू लागला.