वटवट्याचा कळंबोली दौरा

त्या पहाटे मी बाबांचं जॅकेट घालून कर्नाळ्याच्या जंगलात गेले, एवढंच माझं चुकलं. (बाकीचं सगळं त्यातूनच झालं, पण घरात कोणाला पटत नाही.) जॅकेट बिनबाह्यांचं, अकरा खिशांचं. निवृत्त झाल्यापासून बाबा ते फक्त अंघोळीला काढतात.

मी पक्ष्यांच्या स्थलांतरावर संशोधन करते. ऑक्टोबरात हिमालयातून आपल्याकडे येणारा वटवट्या हा माझा विषय. वजन आठ ग्रॅम, म्हणजे चहातली दोन चमचे साखर. त्याच्या पाठीवर चवळीच्या दाण्याएवढा रेडिओ टॅग दोऱ्याने बांधायचा आणि माशाच्या काट्यासारखा अँटेना हातात धरून ‘टिक टिक’ ऐकत मागे हिंडायचं. तो इथेच राहतो की पुढे केरळात जातो, हे पुढच्या सोमवारपर्यंत सांगितलं तर प्रकल्प दोन वर्षं वाढणार होता. नाहीतर बाबांशी झालेला करार लागू: “वर्षभर पाखरं बघ, मग मुलं बघायची.”

शेवटचा टॅग उरला होता. तो बांधून पक्षी सोडला आणि विजयी मुद्रेने खांदा कॉलनीतल्या घरी परतले. जॅकेट बाबांनी लगेच ताब्यात घेतलं. संध्याकाळी हॉलमध्ये रिसीव्हर सहज चालू केला, तर टिक टिक टिक!

“बाबा, हलू नका! तो खिडकीबाहेरच्या बदामावर आहे.”

“कोण?”

“वटवट्या!”

“घरात एक आहे ती पुरे नाही का?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“बाबा, बाजूला व्हा. सिग्नल अडवताय.”

बाबा उठून दाराशी गेले. टिकटिकही दाराशी गेली.

“उडाला! तुमच्यामुळे उडाला!” (मला दोन पदव्या आहेत.)

पुढचे चार दिवस मी घरात कुकरची शिट्टी होऊ दिली नाही. पक्षी सकाळी सहाला बागेत, हास्यक्लबच्या आसपास असायचा. तिथे बाबा भेटले, मी त्यांना हाकलून दिलं, तर पक्षीही गेला. दहाला तो भाजी मंडईत आणि दुपारी एक ते चार आमच्या घरापाशी अगदी निश्चल. मी किशोरी मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, लिहिलं, “जंगलातला पक्षी शहराला सरावतो आहे. दुपारी दीर्घ विश्रांती घेतो. हे शास्त्राला नवीन आहे.” मॅडमनी तीन उद्गारचिन्हं पाठवली.

रविवारी आईबाबा कोणा आजारी मित्राला भेटायला म्हणून गेले आणि पक्षी निघाला कळंबोलीकडे. मी स्कूटीवर मागे. दर चौकात थांबून अँटेना उंचावायचा. ट्रकवालेसुद्धा आपणहून रस्ता देत होते. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर टिकटिक बंद दाराआडून येऊ लागली. घरात शिरलाय! वर पंखा असणार! आठ ग्रॅमचा जीव!

बेल दाबली, दार उघडताच आत घुसले. “पंखा बंद करा! कोणी हलू नका!”

पंखा बंद झाला. कोणी हललं नाही. समोर पोह्यांच्या बश्या, एक कडक इस्त्रीतला तरुण, त्याची आई आणि सोफ्यावर माझे आईबाबा.

“ही आमची अनुया,” बाबांनी पोह्यांना सांगितलं.

“करार सोमवारपर्यंत होता!”

“आम्ही नुसतं घर बघायला आलो होतो गं.”

संतापाने मी अँटेना बाबांवर रोखला, तर टिकटिक अशी वाढली की सत्यजीतने (तोच तो तरुण) कान झाकले. जॅकेटच्या चौथ्या खिशात, बसच्या तिकिटांमध्ये, टॅग निघाला. दोऱ्याची गाठ सुटलेली; पक्षी सोडतानाच तो घसरून खिशात पडला होता. गाठ मीच मारली होती. चार दिवस मी शास्त्राला बाबांची दुपारची झोप कळवत होते.

“अगं, पण पक्षी कुठाय?” सत्यजीतच्या आईने विचारलं.

वर्षभर मला तेवढंच तर शोधायचं होतं.

सोमवारी मॅडमना खरं सांगितलं. त्यांच्या उत्तरात उद्गारचिन्ह नव्हतं आणि माझ्याकडे प्रकल्प उरला नव्हता. निदान त्या स्थळाला तरी सणसणीत नकार कळवावा म्हणून फोन घेऊन बसले. तीनदा खोडून चौथा मसुदा झकास जमला होता, इतक्यात त्यांचाच निरोप बाबांच्या फोनवर आला: “मुलगी हुशार आहे, पण लग्नाची फारच घाई दिसते. आमची तेवढी तयारी नाही.”

बाबांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि प्रेमाने म्हणाले, “अनू, पुढच्या स्थळाने बोलावेपर्यंत तरी थांब हं.”