सात हातांचा घाट

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या व्यंकटरावांनी फुलंब्रीच्या अलीकडे, बहात्तरच्या दुष्काळात खोदलेल्या पाझर तलावाच्या काठी दोन खोल्या बांधल्या. तिथवर सारे सुरळीत होते. बिघडले ते एका पोस्टकार्डाने. नांदेडचे व्याही नानासाहेब यांना त्यांनी सहज लिहून टाकले, ‘रोज पहाटे आमच्या स्वतःच्या घाटावर स्नान करतो.’ उलट टपाली उत्तर आले, ‘येत्या रविवारी सहकुटुंब येतो. घाटावरच स्नान करू.’

घाट नव्हता. घाटाच्या जागी गुडघाभर चिखल होता आणि चिखलात सांडूच्या चार म्हशी होत्या.

“सांडू, म्हशी पलीकडच्या काठाला ने.”

“नेतो की सायेब. पर त्या तुमच्या आधीपासून बसत्यात हितं.”

“इथं घाट होणार आहे!”

“व्हय का? सांगतो म्हशींला.”

गवंडी कडूबा शनिवारी येणार होता. तोवर स्वस्थ बसतील तर ते व्यंकटराव कसले! बुधवारी त्यांनी पाण्याच्या कडेने दोरी ताणली, सात हात रुंदी मोजली आणि प्रत्येक हाताला एक दगड रोवला. दगड पडले चिखलाच्या रंगाचे. म्हशींना हद्द समजावी कशी? खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला तांबडा रंग त्यांनी सातही दगडांवर रिता केला.

“अहो,” ओट्यावर मेथी निवडणाऱ्या भानुमतीबाई म्हणाल्या, “ते काहीतरी वेगळंच दिसतंय.”

“हद्द दिसतेय, हद्द!”

येथे थोडे विवेचन आवश्यक आहे. पाणी, तांबडा दगड आणि सात हा आकडा, या गोष्टी सुट्या सुट्या निरुपद्रवी असतात. एकत्र आल्या की साती आसरा होतात: काठावर वसणाऱ्या, प्रसन्न झाल्या तर राखणाऱ्या आणि कोपल्या तर पाण्यात ओढणाऱ्या सात बहिणी. हे त्या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तीस वर्षे त्याच तालुक्याचे कागद सांभाळलेल्या व्यंकटरावांना ठाऊक नव्हते. (आसरांचा सातबारा निघत नाही.)

गुरुवारी दगडांपुढे हिरव्या बांगड्या आणि दहीभात दिसला. शुक्रवारी गावातल्या वच्छलाबाई वीस बायका घेऊन आल्या. व्यंकटराव धावले.

“बाई, हे दगड मी मांडलेत!”

“मंग! आसरा काय सोत्ता चालत येत्यात? कुणाच्या तरी हातून मांडून घेत्यात. आधी चपला काढा.”

“अहो, तो ऑइलपेंट आहे!”

“शेंदूर लई म्हाग झालाय, आसरांला समजतंय. सपनात आल्या व्हत्या का?”

“माझ्या स्वप्नात नानासाहेब येतात!”

“त्यो कोन्ता देव?” वच्छलाबाईंनी त्याही दिशेला हात जोडले.

शनिवारी कडूबा आला, दगड पाहिले आणि थापी खाली ठेवून त्याने लोटांगण घातले. “आसरांवर पाय द्याया पायऱ्या? माझी लेकरं-बाळं हायत सायेब!” नारळ फोडून तो आल्या पावली परतला. सांडूने मात्र म्हशी न सांगता पलीकडच्या काठाला नेल्या. देवाच्या जागी म्हशी बसवत नाहीत.

रविवारी नानासाहेब उतरले तेव्हा काठ सारवलेला होता, आंब्याचे तोरण होते, हलगी वाजत होती. विहीणबाईंनी ओटी भरली. नानासाहेबांचे डोळे पाणावले.

“एवढं देवस्थान, आणि पत्रात नुसतं ‘घाट’ लिहिलंत! केवढा हा विनय, व्यंकटराव!”

व्यंकटरावांची छाती चार दिवसांत प्रथमच फुगली. “चला, स्नान उरकू,” त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

“हितं नाय!” वच्छलाबाई आडव्या झाल्या. “आसरांच्या म्होरं बाप्यानं अंग धुवायचं नाय. तिकडं जा.”

मग दोघे व्याही पंचे सावरत तलावाला अर्धा वळसा घालून पलीकडे गेले. तिथे गुडघाभर चिखल होता. चिखलात चार म्हशी होत्या.

“रोज पहाटे... इथेच?” नानासाहेबांनी विचारले.

व्यंकटरावांनी उत्तर टाळण्यासाठी घाईने पाण्यात पाय टाकला, तो मांडीपर्यंत रुतला. चारही म्हशी रेकत उठल्या.

“पाव्हणं, त्यांला जरा दमानं उतरवा,” म्हशींना थोपटत सांडू काकुळतीने म्हणाला. “सायेबाला पाण्यात आज पयल्यांदाच बघतोय मी. नवं मानूस दिसलं की म्हशी बुजत्यात.”