विहिरीसाठी करवंट्या

लग्न कुणाचंही असो, आमचे शेजारी सावळेरामआबा जेवून उठले की थेट आचाऱ्यापुढं रिकामं पोतं धरतात. "करवंट्या टाका, राव." नारायणगावाच्या आसपासचे सगळे आचारी त्यांना ओळखतात. परतताना पोत्याचं दुसरं टोक मला धरावं लागतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, म्हणून हा मान!

आबा पूर्वी कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. आता परसात लोखंडी पिंप आहे. त्यात फारशी हवा न लागू देता करवंट्या जाळायच्या, मग लालभडक कोळशातून वाफ सोडायची. वाफ त्याला आतून पोखरते आणि पाण्यातली घाण त्या भोकांत चिकटून बसते.

"ह्या मूठभर कोळशाच्या आतल्या भिंती पसरल्या, तर तुमचं शाळंचं मैदान पुरायचं न्हाई, मास्तर!"

मला थाप वाटली. पुस्तकात पाहिलं, तर आबा खरं बोलत होते. तो काळा चुरा तळहातावर घेऊन मी किती वेळ थक्क होऊन बघत बसलो.

एकदा त्यांनी नळीत कोळसा भरून वरून शाईचं पाणी ओतलं. खालून पाणी नितळ आलं. मी पोरासारख्या टाळ्या पिटल्या.

"टाळ्या नगं. लोकं पानी पितील तवा खरं."

कारण विहिरीचं पाणी बिघडलं, ते त्यांच्याच चुकीनं. टोमॅटोवर औषध मारल्यावर त्यांनी फवारणीचा पंप आपल्या विहिरीच्या काठावर धुतला आणि औषधाची उघडी बाटली आत कलंडली. विहीर दोनदा उपसली, तरी वास जाईना. वस्तीच्या बायका पाण्याला येईनाशा झाल्या. आबांची बायको गेल्यापासून काठावरची ती बडबडच त्यांची सोबत होती.

"जारचं पाणी घ्या की," मी म्हणालो.

"पानी मिळतं वो. मानसं कुठनं आनू?"

शेवटी मोटारीला कोळशाची टाकी जोडली. प्रयोगशाळेनं दोनदा पाणी तपासून चांगलं ठरवलं. आबांनी कागद खांबाला चिकटवला. मी सगळ्यांसमोर दोन तांबे प्यायलो. आठ दिवस कुणी फिरकलं नाही.

नवव्या दिवशी पारूबाई हंडा घेऊन आल्या. बाटली पडली तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या यांनीच घातल्या होत्या. त्या ओंजळीनं पाणी प्यायल्या, मग त्यांनी हंडा भरला.

"अजून एक न्या," आबा म्हणाले.

"एकल्या जीवाला किती लागतंय?"

"मग उद्याला या." आवाज इतका बारीक होता, की पारूबाईंनी "काय?" म्हणून विचारलं. आबा खांबावरचा कागद उगाच दाबून बसवू लागले.

पारूबाईंनी हंडा खाली ठेवला आणि त्या काठावर बसल्या.